दोन व्याही, तीन बाटल्या

“सिस्टर, त्या समोरच्याला एक बाटली आन् मला दोन, ते कशापायी?”

ऑपरेशन होऊन खाटेवर आणल्यानंतर आमच्या मामंजींच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. कमरेखालचं अंग अजून बधिर होतं, ओठ कोरडे पडले होते, हाताला सलाईन लावलेलं होतं. पण नजर मात्र समोरच्या रांगेतल्या तिसऱ्या खाटेखाली बरोब्बर पोहोचली होती.

मार्था सिस्टर सलाईनची चिकटपट्टी बसवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “मोहिते, दोन मिळाल्या म्हणून तक्रार करणारे तुम्हीच पहिले.”

“तक्रार न्हाई. नुसतं इचारलं.”

“तुमची लघवीची पिशवी उघडली आहे, म्हणून एक नळी पोटातून आणि एक खालून. त्यांची उघडली नाही, म्हणून एकच.”

मामंजींनी डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावर समाधान पसरलं. ते समाधान माझ्या चांगलं ओळखीचं होतं. बांधापलीकडच्या उसापेक्षा आपल्या उसाला दोन कांडी जास्त आली, की ते असंच दिसायचं.

समोरच्या तिसऱ्या खाटेवर निजलेला एका बाटलीचा माणूस म्हणजे माझे वडील.

ही गोष्ट शहात्तर सालची. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांची लघवी वर्षभर अडायची, पण दवाखान्याची पायरी ते चढायचे ऊस तुटून कारखाना बंद झाल्यावरच. तोवर रात्रीत आठ-आठ वेळा उठतील, बायकोवर चिडतील, वैद्याचा काढा पितील, पण शेत सोडणार नाहीत. मग चैत्रात तालुक्याच्या ट्रस्टच्या दवाखान्यात एकदम रीघ लागायची. डॉक्टर दिवेकर मंगळवारी आणि शुक्रवारी हीच ऑपरेशनं करायचे. आठ खाटांच्या त्या वॉर्डात तेव्हा आठही म्हातारे एकाच दुखण्याचे असायचे. दवाखान्यातले लोक त्याला प्रोस्टेटचा वॉर्ड म्हणत. आम्ही बायका त्याला म्हाताऱ्यांची शाळा म्हणायचो.

त्या शाळेत माझा सासरा आणि माझा बाप एकाच दिवशी दाखल झाले. एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. कसा असणार? सहा वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

भांडण माझ्या लग्नातलं. आमच्या कोरटी गावच्या शिवेवर वऱ्हाडाची पूजा व्हायची होती. बेलवडीहून वऱ्हाड वेळेवर आलं, पण आमचा बँड आलाच नाही. बँडवाल्यांनी आदल्या दिवशीच्या वरातीत घेतली होती म्हणे, ते दुसऱ्याच गावाला जाऊन वाजवत बसले. बँडाशिवाय व्याह्याला सामोरं कसं जायचं म्हणून माझे वडील, आबा, घरात अडून बसले, आणि मामंजी भर वैशाखात तासभर शिवेवर उन्हात उभे. शेवटी आबा तसेच गेले. मामंजी फणफणले होतेच. आबांनी माफी मागायची, तर म्हणाले, “उन्हात हुबं ऱ्हायला काय लोण्याचं हायसा व्हय?”

झालं. लग्न लागलं, पण निघताना मामंजींनी सगळ्यांदेखत सांगितलं, “ह्या गावची शीव मी पुन्यांदा वलांडायचा न्हाई. आन् माझी सूनबी न्हाई.” आबांनीही सुनावलं, “मग मीबी तुमच्या दाराम्होरं यायचा न्हाई.”

दोघांनीही शब्द पाळला. पुरुषांना असले शब्द पाळायला फार आवडतात, त्याची किंमत बायका मोजतात ना. सहा वर्षांत मी माहेरचा उंबरा पाहिला नाही. दोन्ही बाळंतपणं सासरी झाली. आई आठवड्याच्या बाजारात भेटायची. शेपूची जुडी निवडल्याचं निमित्त करून आम्ही दहा मिनिटं बोलायचो. आबा तिथंही यायचे नाहीत.

आणि आता माझ्या धाकट्या बहिणीचं, रंजनाचं, लग्न सोळा मेला ठरलं होतं. आम्ही दोघीच बहिणी. तिच्या पाठीशी मांडवात उभं राहायचं, एवढंच मला हवं होतं. आमच्या ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, “दादांचा शब्द हाय. मी काय करू?” आमचे हे स्वभावाने गरीब. बापाचा शब्द म्हणजे त्यांना सातबाऱ्यावरची नोंदच.

आबा वॉर्डात दिसले तेव्हा मामंजी दारातच थबकले. परत फिरतील असं मला वाटलं, पण पोट तट्ट फुगलं होतं, फिरून जाणार कुठं? सिस्टरांनी दाखवलेल्या खाटेवर ते बसले आणि मला म्हणाले, “सूनबाई, ह्या दोन रांगांमधला ह्यो जो रस्ता हाय, ती शीव. त्येच्या पल्याड तू जायाचं न्हाई.”

तिकडे आबांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं. भाऊ पलटणीत होता, आई गुडघ्यानं बसलेली, शिवाय लग्नघर तिच्या एकटीवर. शेजारचा एक जण त्यांना सोडून, सही करून निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दिवेकर तपासायला आले. बारीक अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांना एक सवय होती, रोग्याला सगळं समजावून सांगायची. खिशातून कागद काढून त्यांनी मामंजींना चित्र काढून दाखवलं.

“हे बघा मोहिते, गाठ तुमची आणि त्या थोरातांची साधारण सारखीच आहे. संत्र्याची साल तशीच ठेवून आतला गर बोटानं सोडवून घ्यायचा, तसं हे काम. गरापर्यंत जायच्या वाटा मात्र दोन. एक, वरून पिशवी उघडायची आणि तिच्या तळातून गाठ काढायची. दुसरी, पिशवीला हात लावायचा नाही, पुढच्या हाडाच्या मागून थेट गाठीवर जायचं.”

“ह्यातली बेस कंची?”

“ज्याची त्याला. हाडामागून गेलं की रक्त कुठून येतंय ते मला डोळ्यांनी दिसतं, तिथंच टाका घालता येतो. पिशवीतून गेलं की काम बरंचसं बोटाच्या अंदाजानं होतं, पण पिशवी आतून नीट बघून होते. तुमच्या पिशवीत खडा आहे. तो काढायला ती उघडावीच लागणार, मग त्याच वाटेनं गाठही काढू. थोरातांना खडा नाही, त्यांचं हाडामागून.”

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. मामंजी कागदाकडे बघत राहिले आणि समोर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “म्हंजे आपलं मोठं ऑप्रेशन.”

समोरून भिंतीला सांगितल्यासारखा आवाज आला, “आमचं डोळ्यानं बघून करायचं. अंदाजपंचे न्हाई.”

सहा वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलले ते असं.

मंगळवारी दोघांचीही ऑपरेशनं झाली. आणि मग वॉर्डात दोन तट पडले, एक बाटलीवाल्यांचा आणि एक दोन बाटल्यावाल्यांचा. सगळ्यांच्या खाटांखाली काचेच्या बाटल्या, त्यांत लालसर पाणी ठिबकतंय, आणि म्हातारे उशीवरून माना वाकवून एकमेकांच्या बाटल्या बघताहेत. कुणाची लाल, कुणाची गुलाबी, कुणाची नळी कधी निघणार, कुणाचे टाके किती. मामंजींचं म्हणणं, दोन नळ्या म्हणजे डॉक्टरांनी जास्त काळजी घेतली. आबांचं म्हणणं, गडी मजबूत असला की एका नळीत भागतं. दाराजवळच्या खाटेवर रसूलभाई मुल्लाणी म्हणून एसटीचे रिटायर ड्रायव्हर होते. त्यांचे टाके निघाले होते, घरी जायला चार दिवस उरले होते. दोन्ही तट त्यांच्याकडे निवाड्याला जायचे.

रसूलभाई म्हणायचे, “कुंभार्ली घाटानं उतरा न्हाईतर आंबा घाटानं. वळणं निराळी, पर रत्नागिरीचा स्टँड एकच हाय. उतरल्यावर लघवी झाली म्हंजे झालं.”

पण एवढ्यावर समाधान मानतील तर ते व्याही कसले?

मंगळवारी दुपारीच मार्था सिस्टर मला म्हणाल्या, “बाई, तिकडची बाटली भरत आली आहे. रिकामी करून मोजून सांग.”

मी जागची हलले नाही. “सिस्टर, ते... मला तिकडे जायचं नाही.”

“का? साप आहे?”

मामंजी म्हणाले, “सिस्टर, त्यो हिचा बाप हाय. आमची भानगड हाय. शीव हाय ती.”

मार्था सिस्टर मिरजेकडच्या. उंचीनं माझ्या खांद्याला लागायच्या, पण आवाज ऐकला की वॉर्डबॉय भिंतीला चिकटून उभा राहायचा. त्यांनी कमरेवर हात ठेवले. “मोहिते, ह्या खोलीत शीव एकच, त्या दारापासून ह्या दारापर्यंत. आणि तिची पाटीलकी माझ्याकडे आहे. ज्याच्या सुनेला बापाची बाटली चालत नाही त्याची बाटलीही तशीच राहील, तुंबली तरी. बोला.”

मामंजींनी डोळे मिटून घेतले. मी उठले. दोन रांगांमधली ती पाच पावलं चालले. आबांच्या खाटेशी वाकले. बाटली उचलली. वर बघायचा धीर होईना.

“कशी हैस अनुसे?” आबा छताकडे बघत म्हणाले.

“बरी हाय.”

“पोरं?”

“बरी हायती.”

“थोरल्याचं नाक माझ्यावानी हाय म्हणती तुझी आई.”

“व्हय.”

मी बाटली घेऊन मोरीकडे गेले. नळ सोडून मी तिथं पोटभर रडून घेतलं, आणि मग सिस्टरांना सांगितलं, “साडेचारशे.”

त्या दिवसापासून मी दोन्ही खाटांवर राबू लागले. मामंजींना मनाई करता येईना आणि परवानगीही देववेना, म्हणून मी पलीकडे गेले की ते झोपेचं सोंग घ्यायचे. परत आले की मात्र डोळे उघडायचे.

“रंग कसाय त्येचा?”

“तुमच्यापेक्षा लाल आहे, मामंजी.”

तिकडे आबा विचारायचे, “त्येंची कशी हाय गं?”

“तुमच्यापेक्षा लाल, आबा.”

खोटं बोलण्याचं पाप लागतं म्हणतात. लागलं असेल तर मला त्याचं काही वाटत नाही. दोघंही जेवायचे तरी त्या आनंदात.

आबांचं मात्र एक मला खटकायला लागलं. ते दिवसभर मामंजींच्या बाटल्यांवरून नजर हलवत नव्हते. भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं. बाटलीकडे बघायचं, घड्याळाकडे बघायचं, पुन्हा बाटलीकडे. रसूलभाई हसून म्हणाले, “थोरातदादा, दुसऱ्याच्या गाडीचा टाइम किती बघशीला?” आबा हसले नाहीत. मला वाईट वाटलं. एवढं ऑपरेशन झालं, देवाचं नाव घ्यायचं सोडून हा माणूस व्याह्याची बाटली मोजतोय. सहा वर्षांनी बाप भेटला आणि तो अजून त्या शिवेवरच उभा होता, असं मला वाटलं.

गुरुवारची दुपार. मामंजींना पेज पाजून, त्यांचा डोळा लागलाय असं बघून मी व्हरांड्यात भाकरी खायला बसले. दोन दिवसांची झोप डोळ्यांवर होती. घास हातात तसाच ठेवून भिंतीला टेकले आणि कधी डुलकी लागली कळलं नाही.

“अनुसेऽ! अगं अनुसेऽ!”

आबांचा आवाज. लहानपणी विहिरीच्या काठावर गेलं की ते जसे ओरडायचे, तसा. भाकरी टाकून मी आत धावले. आबा कोपरावर उठून बसले होते, टाक्यांवर एक हात दाबलेला, दुसरा हात समोर.

“त्येंची बाटली थांबलीया! दोन्हीबी! सिस्टरला बलीव!”

मी मामंजींकडे बघितलं. ते जागेच होते. चादरीचा बोळा मुठीत आवळलेला, कपाळावर घामाचे थेंब, दात दातांवर घट्ट. पोट खालून वर टरारून आलं होतं. पण तोंडातून हूं नाही की चूं नाही.

मार्था सिस्टर आल्या, नळी पिळून पाहिली. “कधीपासून थांबलंय?”

मला काय माहीत? मी तर झोपले होते. मी रडायच्या बेताला आले.

समोरून आबा म्हणाले, “पोटाच्या नळीतनं सव्वाबाराला शेवटचा थेंब पडला. खालच्या नळीतनं बारा पस्तीसला. आता एक वाजून धा मिन्टं झाल्याती. मगाधरनं हाका मारतुया, कुणी ऐकंना.”

सिस्टर क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि धावत डॉक्टरांना आणायला गेल्या. डॉक्टर जेवणावरून उठून आले. मोठ्या काचेच्या पिचकारीनं नळीतून पाणी आत सोडायचं, ओढायचं, पुन्हा सोडायचं. पाच-सहा वेळा काहीच आलं नाही. मामंजींचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्यांचा हात धरला होता. सासऱ्याचा हात सुनेनं धरायची आमच्यात रीत नाही, पण त्यांनीही तो सोडवून घेतला नाही. मग एकाएकी पिचकारीत जांभळाएवढ्या काळ्या गाठी आल्या, एकामागून एक, आणि त्यांच्यामागून लाल पाणी भळाभळा बाटलीत पडायला लागलं. मामंजींनी इतका मोठा सुस्कारा सोडला की माझ्या कानाला वारा लागला.

हात पुसत डॉक्टर म्हणाले, “रक्ताच्या गाठींनी नळ्या तुंबल्या होत्या. अजून तासभर असंच राहिलं असतं तर पिशवीचे टाके उसवले असते, पुन्हा पोट उघडावं लागलं असतं. आणि ह्या वयाला, तिसऱ्याच दिवशी...” त्यांनी पिचकारी तबकात ठेवली. “मोहिते, एवढ्या कळा येत होत्या, तर ओरडला का नाहीत?”

मामंजींनी तोंड फिरवलं. डॉक्टर गेल्यावर मी वाकून विचारलं, तेव्हा पुटपुटले, “त्येच्या म्होरं कन्हू व्हय?”

मी कपाळावर हात मारून घेतला. जीव गेला असता तरी चालला असता, पण व्याह्यासमोर कण्हायचं नाही!

त्या दिवशी संध्याकाळी आमचे हे आल्यावर मी आबांच्या खाटेशी गेले. त्यांना पाणी पाजलं आणि हळूच म्हटलं, “आबा, तुमची ईर्षा कामाला आली बघा. बाटली मोजत बसला नसता तर आज काय झालं असतं.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ह्या सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत.

“ईर्षा?” ते म्हणाले. “खुळी का काय तू? त्येला दोन नळ्या असू द्या न्हाईतर धा, मला काय करायचंय.”

“मग?”

आबा मामंजींच्या खाटेकडे बघून अगदी दबल्या आवाजात बोलायला लागले. “त्या दिशी चित्र काढून डॉक्टर बोलला ते ऐकलं न्हाईस? त्येंचं अंदाजानं केल्यालं, रक्त कुठनं येतंय दिसत न्हाई. तवाच माझ्या काळजात धस्स झालं. अगं, तुला माह्यारी धाडायचं न्हाई ह्यो शब्द त्येचा हाय. तो जित्ता असंल तर आज ना उद्या मऊ पडंल, न्हाई पडला तर मी त्येच्या पाया पडीन. पर तो गेला तर? मेलेल्या बापाचा शब्द तुझा नवरा कवा मोडंल का? जल्मात न्हाई. त्येनं जगाया पायजेल, अनुसे. माझ्यापरीस त्येनं जगाया पायजेल. म्हणून मोजत हुतो.”

मी त्यांच्या हातातला पेला घेतला. तो रिकामा होता, पण मी तो पुन्हा पुन्हा हिंदकळून बघत राहिले. बापाला मी सहा वर्षं दोष दिला होता, आणि ह्या दोन दिवसांत तर मनातल्या मनात शिव्याही घातल्या होत्या. ते आठवलं की आजही मला चैन पडत नाही.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मामंजी कुणाशी बोलत नव्हते. शनिवारी त्यांची पोटातली नळी निघाली. आता दोघांनाही एकेकच बाटली राहिली. रसूलभाई घरी जाताना म्हणाले, “आता बरुबरी झाली, आता तरी बोला.” मामंजी नुसते हुंकारले. मला वाटलं, झालं, ह्या माणसाला वाचवल्याचाही राग आला. सोळा मेला मी बेलवडीच्या नदीकाठी उभी राहून पलीकडच्या कोरटीचा बँड ऐकणार, दुसरं काही नाही. मनाची मी तशी तयारीही करून टाकली होती.

रविवारी सकाळी, अंग पुसून झाल्यावर, मामंजी म्हणाले, “सूनबाई, ती बाटली उचल.”

“मोरीकडे जायचंय?”

“उचल म्हटलं न्हवं?”

मी बाटली उचलली. ते खाटेचा कठडा धरून उठले, एक हात टाक्यांवर ठेवून वाकून चालू लागले. नळी ताणू नये म्हणून मी त्यांच्या अगदी लगत चालत होते. ते मोरीकडे वळले नाहीत. दोन रांगांमधल्या रस्त्यावर आले, घटकाभर थांबले, आणि पलीकडे गेले. वॉर्डातल्या सगळ्या माना उशीवरून वर झाल्या. मार्था सिस्टर थर्मामीटर झटकत होत्या, त्यांचा हात तसाच वर राहिला.

आबा गडबडून उठायला लागले. व्याही समोर उभा असताना आडवं कसं राहायचं? त्यांची नळी खाटेच्या दांडीत अडकली, म्हणून मी पटकन त्यांचीही बाटली उचलली. आबा बसले. मामंजी स्टुलावर टेकले. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते.

मामंजींनी घसा खाकरला. “थोरात, तुमी माझी बाटली मोजत हुता म्हणं.”

“व्हय.”

“मिन्टा मिन्टाला.”

“व्हय.”

“ते कशापायी?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत, चोरी पकडलेल्या माणसासारखं तोंड करून ते म्हणाले, “तुमास्नी दोन, मला एक. जळत हुतो, दुसरं काय?”

मामंजी त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या आणि ते हसायला लागले. टाके दुखत होते, तरी हसू थांबेना. पोट धरून “आई आई गं” म्हणत हसत होते. आबाही हसले. तेही “अगं आई गं” करत हसले. दोन म्हातारे पोटं धरून कण्हत होते आणि हसत होते, आणि आता एकमेकांसमोर कण्हायची त्यांना काही लाज वाटत नव्हती.

डोळे पुसून मामंजींनी विचारलं, “लगीन कवा हाय धाकलीचं?”

“सोळा तारखेला.”

“पोरीला किती दिस आदी धाडू?”

आबांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, “पंधरा.”

“पंधरा?” मामंजी कडाडले. “आन् आमी काय पंधरा दिस हातावर भाकऱ्या थापायच्या? पाच.”

“पाचात काय, हळद तरी फुटंल का? बारा.”

“सात.”

“व्याही, थोरली लेक हाय ती. धा तरी.”

“नऊ. आन् मी तुमच्या शिवेवर यायच्या आदी बँड आला पायजेल, सांगून ठेवतो.”

“मी सोता त्येंच्या घरात जाऊन निजतो आदल्या दिशी.”

“नऊ दिस,” मामंजी माझ्याकडे वळून म्हणाले. “ऐकलंस का सूनबाई?”

मी ऐकलं होतं. माझ्या एका हातात सासऱ्याची बाटली होती, दुसऱ्या हातात बापाची. खाली ठेवायला जागा नव्हती, आणि डोळे पुसायला माझा एकही हात मोकळा नव्हता.